धुराखालचं माल्ट ओळखायचं कसं

दर डिसेंबरात चिपळूणहून धाकट्या भावाचा फोन येतो. "ताई, येताना ती धुराची आण." कुठली आणू विचारलं तर म्हणतो, "तू आणशील ती." मी ग्लासगोत नर्स आहे. भारतात माणशी दोनच लिटर दारू ड्यूटी न भरता नेता येते. इथली बाटली 70 सेंटिलिटरची, म्हणजे तीन झाल्या की 2.1 लिटर, तिसरी बाद. उरल्या दोन. त्या दोन चुकू नयेत म्हणून मी पीटेड ब्लेंडेड माल्ट, म्हणजे धुराचा वास असलेली एका जातीची स्कॉच व्हिस्की, पारखायला शिकले, आणि आता पारखल्याशिवाय स्वतःसाठीही घेत नाही.

दुकानात आधी लेबलवरची एक ओळ वाचा. 'ब्लेंडेड स्कॉच व्हिस्की' आणि 'ब्लेंडेड माल्ट स्कॉच व्हिस्की' या दोन वेगळ्या वस्तू आहेत. पहिलीत माल्टबरोबर, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या व्हिस्कीबरोबर, ग्रेन व्हिस्की असते, ती गहू किंवा मक्यापासून मोठ्या उभ्या स्तंभांत गाळलेली, हलकी आणि स्वस्त. दुसरीत ग्रेनचा थेंबही नसतो. सिंगल माल्ट म्हणजे एकाच डिस्टिलरीत, व्हिस्की गाळण्याच्या कारखान्यात, काढलेलं माल्ट; दोन किंवा जास्त डिस्टिलऱ्यांची अशी सिंगल माल्टं एकत्र केलेली असतात, बस. 2009 च्या स्कॉच व्हिस्की नियमांनी ही नावं पक्की केली. त्याआधी 'व्हॅटेड माल्ट', 'प्युअर माल्ट' अशी नावं चालायची. जुन्या बाटलीवर ती दिसली तर अर्थ साधारण हाच.

'माल्ट' हा एक शब्द नसेल आणि किंमत मात्र माल्टची असेल, तर बाटली परत फळीवर ठेवा.

आता 'पीटेड'. पीट म्हणजे दलदलीत हजारो वर्षं दबून राहिलेलं शेवाळ, गवत, झुडपं. ते कापून वाळवतात आणि मोड आलेलं ओलं बार्ली त्याच्या धुरावर वाळवतात. त्या धुरातली फिनॉल नावाची रसायनं बार्लीच्या सालीला चिकटतात. मला हा वास पहिल्यांदा आला तेव्हा दोन गोष्टी एकदम आठवल्या. एक, मार्च-एप्रिलमधली आमच्याकडची भाजावळ, तरव्यावर कवळ आणि शेण पसरून पेटवल्यावर गावभर राहतो तो मातकट धूर. आणि दुसरी, ड्रेसिंगची खोली. दुसरी आठवण उगाच नव्हती. ऑगस्ट 1865 मध्ये ग्लासगोच्याच रॉयल इन्फर्मरीत, म्हणजे इथल्या मोठ्या दवाखान्यात, जोसेफ लिस्टरने गाडीखाली पाय मोडलेल्या 11 वर्षांच्या जेम्स ग्रीनलीसच्या जखमेवर कार्बोलिक ॲसिड लावलं आणि जखम चिघळू दिली नाही. कार्बोलिक ॲसिड म्हणजेच फिनॉल. व्हिस्कीत दवाखान्याचा वास येतो म्हणून नाक मुरडणाऱ्यांना मी ही गोष्ट मुद्दाम सांगते. तो वास खरा आहे, त्या घराण्यातलाच आहे, आणि तो असणं हा दोष नाही.

धूर किती, हे सांगायला पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत फिनॉल किती भाग, हा आकडा मिरवतात. डिस्टिलऱ्यांपैकी बोमोरचं बार्ली 25 च्या आसपास, कूल ईला आणि लागावुलिनचं 35, आर्डबेगचं 55. हा आकडा बार्लीत मोजलेला असतो, बाटलीतल्या व्हिस्कीत मोजलेला नसतो. दळण, मॅशिंग (दळलेलं बार्ली गरम पाण्यात भिजवणं), ऊर्ध्वपातन करता करता बराच फिनॉल गळून जातो. शिवाय जड फिनॉल भट्टीतून उशिरा उतरतात, म्हणून गाळलेल्या व्हिस्कीची धार कुठवर घ्यायची आणि कुठे तोडायची यावर धूर ठरतो. कूल ईला आणि लागावुलिन दोघी पोर्ट एलन गावातल्या, बार्लीला मोड आणून धुरावर वाळवणाऱ्या कारखान्यातून साधारण सारखंच बार्ली घेतात. एक हलकी, लिंबाच्या सालीसारखी लागते, दुसरी दाट आणि गडद. आकडा एकच. मिश्रणात तर तो आणखी फसवा, कारण किती भाग पीटेड आणि किती साधा हे त्यातून कळत नाही. 'पीटेड' किंवा 'स्मोकी' म्हणायला अमुक इतका धूर हवा असा कायदाही नाही. त्यामुळे पीपीएम पाहून बाटली घेऊ नका.

त्यापेक्षा प्रदेशाचं नाव उपयोगाचं. आयला हे स्कॉटलंडचं धुराच्या व्हिस्कीसाठी ओळखलं जाणारं बेट; लेबलवर 'आयला ब्लेंडेड माल्ट' असेल तर आतला प्रत्येक थेंब त्या बेटावरच गाळलेला असावा लागतो. हे कायद्याचं बंधन आहे. डग्लस लॅंग कंपनीची बिग पीट अशी आहे, 2009 पासून मिळते, 46 टक्के अल्कोहोलची. तिच्यात आर्डबेग, बोमोर, कूल ईला असतात. पोर्ट एलनचंही नाव घेतलं जातं. ती डिस्टिलरी 1983 ला बंद पडली आणि 2024 मध्ये पुन्हा सुरू झाली. जुना साठा सोन्याच्या भावाने विकला जातो, तेव्हा या किमतीच्या बाटलीत तो किती असेल याचा अंदाज तुम्हीच करा. त्या नावासाठी एक पौंडही जास्त देऊ नका. बाटली त्याशिवायच चांगली आहे.

नुसतं 'ब्लेंडेड माल्ट' म्हटलं तर माल्ट स्कॉटलंडमध्ये कुठलंही असू शकतं. त्यात वाईट काही नाही. कंपास बॉक्सच्या पीट मॉन्स्टरमध्ये आयलाबरोबर बेटाबाहेरचंही पीटेड माल्ट वापरलेलं आहे, आणि ही कंपनी कुठल्या डिस्टिलरीचं किती टक्के हे उघड सांगते. असं सांगणाऱ्याला मी झुकतं माप देते. जॉनी वॉकर ग्रीन 15 वर्षांची, 43 टक्के. टॅलिस्कर आणि कूल ईला ही धुराची माल्टं तिच्यात आहेत, पण लिंकवुड आणि क्रॅगनमोरही आहेत, म्हणून धूर मागच्या अंगणात राहतो. ज्याला धुराची सवय नाही त्याच्यासाठी ती बरोबर. भावाने ती पहिल्यांदा प्यायली तेव्हा म्हणाला, "धूर कुठाय?" त्याला ती पुन्हा नेली नाही.

मग टक्के बघा. स्कॉचला किमान 40 लागतात. धुराच्या व्हिस्कीत मी 46 च्या खाली सहसा जात नाही, आणि त्याला कारण आहे. 46 च्या खाली व्हिस्की थंड झाली की तिच्यातले तेलकट अंश गढूळ दिसतात, म्हणून बरेच जण ती शून्याच्या आसपास थंड करून गाळतात. गाळणीत जिभेवरचा दाटपणाही थोडा जातो. 'नॉन-चिल-फिल्टर्ड' लिहिलं असेल तर हे केलेलं नाही. रंगावर काहीच ठरवू नका, कारण कॅरमल रंग, ई150ए, घालायला परवानगी आहे. जर्मनीत मात्र रंग घातला तर लेबलवर लिहावंच लागतं, म्हणून शंका आली की मी जर्मन दुकानांच्या पानावर त्याच बाटलीचं लेबल बघते.

किंमत टक्क्यांशी जोडून पाहा. 46 टक्क्यांच्या 70 सेंटिलिटरमध्ये शुद्ध अल्कोहोल 322 मिली, 40 टक्क्यांमध्ये 280. म्हणजे 37 पौंडांची पहिली आणि 32 पौंडांची दुसरी खरं तर एकाच भावाच्या आहेत. 5 पौंड वाचले असं वाटतं, तेवढं पाणी जास्त मिळालेलं असतं. स्कॉटलंडमध्ये सप्टेंबर 2024 अखेरपासून दर युनिटला, म्हणजे 10 मिली शुद्ध अल्कोहोलला, किमान 65 पेन्स लावावे लागतात. त्यामुळे 40 टक्क्यांची बाटली 18.20 पौंडांखाली विकताच येत नाही. 20 ला दिसली तर ती सवलत नाही, ती जवळजवळ तळाची किंमत आहे.

वय लिहिलेलं नसेल तर घाबरू नका. लिहिलेलं वय सगळ्यात लहान माल्टचं असतं, आणि लाकडी पिंपात वर्षं जातात तसा धूर मऊ होत जातो. तरुण माल्टचा धूर ठसठशीत असतो. पण याच कारणाने कच्चं माल्ट धुराआड लपवताही येतं, आणि ते ओळखणं हे खरं काम.

मी एकदा लपवलेलं विकत घेतलं आहे. काळी बाटली, वर ज्वाळांचं चित्र, 40 टक्के, कंपनीचं नाव सांगत नाही. पहिला वास जबरदस्त होता. दहा मिनिटांनी ग्लासात कच्च्या पिठाचा, भिजवलेल्या कणकेचा वास उरला, आणि घोटानंतर तोंडात चुलीतली ओली राख. तेव्हापासून चाखल्याशिवाय पूर्ण बाटली नाही. 5 सेंटिलिटरची छोटी बाटली घ्या, किंवा पबमध्ये 25 नाहीतर 35 मिलीचं एक माप मागवा. चार-पाच पौंड जातील, चाळीस वाचतील. गाडी घेऊन जाऊ नका. इथली मर्यादा इंग्लंडपेक्षा कडक आहे.

चाखायचं असं. तिखट जेवणानंतर नको, दुपारी चारच्या सुमाराला बरं. तोंडाकडे निमुळता ग्लास, बर्फ नाही. ओठ किंचित उघडे ठेवून ग्लासाच्या काठावरून वास घ्या, नाक आत खुपसू नका. पहिल्यांदा फक्त धूर येईल. ग्लास ठेवून उठा, दहा मिनिटं दुसरं काही करा. धुराला नाक लवकर सरावतं आणि मग त्याच्या मागचं दिसायला लागतं. परत आल्यावर काय सापडतं? मला चांगल्या बाटलीत भाजलेल्या काजूबीचा तेलकट वास येतो, कधी उन्हात वाळणाऱ्या सोड्यांचा खारा वास, आणि या सगळ्याखाली गूळ घातलेल्या लापशीसारखा बार्लीचा गोडवा. हा गोडवा सापडलाच पाहिजे. तो नसेल तर तुम्ही नुसता धूर विकत घेताय.

आता एक घोट तसाच, आणि मग छोटा चमचाभर पाणी. 25 मिलीत 5 मिली पाणी घातलं की 46 चे साधारण 38 टक्के होतात. 2017 मध्ये स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी संगणकावर दाखवलं की मद्याचं प्रमाण उतरलं की ग्वायाकॉल, म्हणजे धुरकट वासाचा एक मुख्य रेणू, पृष्ठभागाकडे येतो. नाकाला ते लगेच कळतं. पाण्याने फळं, मीठ, गोडवा उघडले तर बाटली भक्कम. पाण्याने फक्त कडवट राख आणि पुठ्ठा उरला तर सोडा.

ब्लेंडेड माल्टला एक जादा परीक्षा द्यावी लागते. माल्टं एकमेकांत मुरली आहेत का? वाईट मिश्रणात आधी मध-सफरचंद लागतं आणि मग वेगळाच कुणीतरी दार ढकलून आल्यासारखा धूर येतो, फोडणी वर तरंगत राहिलेल्या आमटीसारखा. चांगल्यात धूर पहिल्यापासून शेवटपर्यंत असतो आणि गोडवा त्याच्या पोटातून वर येतो. कोळशावरचं वांगं सोललं की धूर गरातही असतो, तसा. मिश्रण करणाऱ्याच्या हाताचे पैसे आपण इथे देतो. हात दिसला नाही तर त्याच किमतीत कूल ईला 12 घ्यावी, ती 43 टक्के आहे आणि एकजीव आहे.

लेबलवर 'विल्यमसन' दिसलं तर मात्र थांबा. हे बहुधा आयलावरच्या लफ्रॉइग डिस्टिलरीचं पिंप असतं, त्यात दुसऱ्या माल्टचा चमचाभर थेंब घातलेला, म्हणजे ते सिंगल माल्ट म्हणून विकता येऊ नये. नाव आहे 1954 ते 1972 लफ्रॉइग चालवणाऱ्या बेसी विल्यमसनचं. कायद्याने ब्लेंडेड माल्ट, चवीने जवळपास सिंगल. ते एकेका पिंपाचं असतं, म्हणून मागची बाटली आवडली यावर पुढची घेऊ नका, पुन्हा चाखा.

शेवटची परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रीचा ग्लास न धुता ठेवा आणि चहाआधी हुंगा. अल्कोहोल उडून गेलेलं असतं, जे जड ते तळाशी राहतं. थंड राख एकटीच असेल तर नाही. राखेबरोबर गूळ, चामडं, वाळलेलं गवत असेल तर दुकानात जा.

गेल्या खेपेला मी बिग पीट आणि पीट मॉन्स्टर नेल्या. महाराष्ट्रात घरी प्यायलाही परवाना लागतो, तो भावाकडे आहे. बाटल्या उभ्या ठेव, ऊन लागू देऊ नकोस, आणि अर्ध्याच्या खाली गेली की दोन महिन्यांत संपव, असं त्याला सांगितलंय. हवा भरली की धूर फिका होत जातो. पाडव्याच्या सकाळी त्याने फोन केला. रात्रीचा ग्लास हातात होता. म्हणाला, "ताई, आजीच्या बंबाजवळचा वास येतोय, आणि काकवीचा."