ल्युसीनमध्ये वाइल्डकार्ड शोध: ‘पुणे’वरून ‘पुण्यात’पर्यंत

समजा, पुण्यातील एखाद्या गृहनिर्माण संस्थेची मराठी इतिवृत्ते आपल्याच संगणकावर शोधण्यासाठी आपण ल्युसीन ही मजकूर शोधून देणारी जावा लायब्ररी वापरत आहात. तिच्या वाइल्डकार्डक्वेरीमध्ये, म्हणजे शब्दाचा माहीत नसलेला भाग खुणेने दाखवून केलेल्या शोधात, तारकाचिन्ह (*) म्हणजे शून्य किंवा कितीही चिन्हे आणि प्रश्नचिन्ह (?) म्हणजे नेमके एक चिन्ह. येथे चिन्ह म्हणजे युनिकोडचा एक कोडपॉइंट: व्यंजन, काना, मात्रा, उकार असा प्रत्येक घटक वेगळा मोजला जातो. त्यामुळे ‘पुणे’ हा शब्द आपल्याला दोन अक्षरांचा दिसला, तरी ल्युसीनच्या हिशेबी तो चार चिन्हांचा असतो, आणि ‘वाड?’ लिहिले की वाडा, वाडी, वाडे मिळतात, पण ‘वाड्यात’ मिळत नाही.

मराठीतली खरी अडचण सामान्यरूपाची आहे. ‘पेठ*’ लिहिल्यावर ‘पेठेत’ सापडते. मात्र ‘पुणे*’ने पुणेकर सापडतात आणि ‘पुण्यात’ निसटते, कारण प्रत्यय लागण्याआधीच मूळ शब्द बदललेला असतो. शेवटचा स्वर गाळून ‘शाळ*’, ‘रस्त*’ असे लिहिणे हा सोपा उपाय आहे, पण ‘पुण*’ लिहिले तर पुण्यतिथीही येते. म्हणून ‘पुणे*’ आणि ‘पुण्या*’ या दोन क्वेरी बूलियनक्वेरीत (अनेक क्वेरी एकत्र करणाऱ्या क्वेरीत) ‘शुड’ने, म्हणजे ‘किंवा’ या अर्थाने, जोडाव्यात, असे मला वाटते. ‘पुण्याचे काम’ (पाप-पुण्यातले पुण्य) तरीही येईल. ते केवळ चिन्हांवरून वेगळे काढता येत नाही.

शोधासाठीची शब्दांची अनुक्रमणिका कोणत्या ॲनालायझरने (मजकुराचे शब्द पाडून ते साठवण्याजोगे करणाऱ्या भागाने) केली आहे, हे आधी तपासावे. जवळची भाषा म्हणून हिंदीॲनालायझर निवडण्याचा मोह होतो. पण त्यातील स्टेमर, म्हणजे शब्दाचा शेवट छाटणारा भाग, ‘पुणे’चे ‘पुण’ करून साठवतो, तर वाइल्डकार्डच्या शब्दावर स्टेमर चालत नाही. परिणामी ‘पुणे*’ला खुद्द ‘पुणे’ही सापडत नाही. येथे स्टँडर्डॲनालायझरच योग्य.

‘शनिवारवाडा’ शोधण्यासाठी ‘*वाडा’ लिहिल्यास क्लासिक क्वेरीपार्सर (लिहिलेल्या शोधाची क्वेरी बनवणारा भाग) ते मुळातच नाकारतो. ‘सेटअलाऊलीडिंगवाइल्डकार्ड’ने परवानगी देता येते, परंतु सुरुवातच अज्ञात असल्याने त्या फील्डमधील (दस्तऐवजाच्या त्या रकान्यातील) सर्व शब्द तपासावे लागतात. दस्तऐवज फार असतील, तर रिव्हर्सस्ट्रिंगफिल्टरने उलटे शब्द साठवणारे वेगळे फील्ड ठेवावे आणि शोधशब्दही उलटा करून तारकाचिन्ह शेवटी द्यावे. एका संस्थेच्या इतिवृत्तांसाठी मी एवढा खटाटोप करणार नाही.

वाइल्डकार्डने जुळलेल्या सर्व कागदपत्रांना ल्युसीन मुळात सारखेच गुण देते, त्यामुळे गुणांनुसार लावलेल्या क्रमाला अर्थ उरत नाही. बैठकीची तारीख सॉर्ट करण्याजोग्या फील्डमध्ये साठवून निकाल त्या क्रमाने दाखवावेत.