नाण्यांच्या ऑनलाइन लिलावात या चुका टाळा

नाणी दाखवायला माझ्याकडे ठाण्यातले लोक येतात, ट्रान्सहार्बरने ऐरोली-नेरूळहूनही येतात. बहुतेक जण नवे. लिलावात जिंकलेलं नाणं टेबलावर ठेवतात आणि विचारतात, "काका, खरं आहे ना?" हा प्रश्न बोली लावण्याआधी विचारायचा असतो. पैसे भरून झाल्यावर मी काहीही सांगितलं तरी त्याचा उपयोग अर्धाच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे वजन जुळलं की नाणं अस्सल, असं धरून चालणं. सहाव्या जॉर्जचा 1939 चा रुपया घ्या. 91.7 टक्के चांदीच्या रुपयांवरचं हे शेवटचं साल. 1940 पासून चांदी 50 टक्क्यांवर आली आणि साध्या दातेरी कडेच्या जागी सुरक्षा कडा, म्हणजे दात्यांच्या मधोमध खाच असलेली कडा, आली. 1939 चा रुपया फार कमी मिळतो, त्यामुळे भाव मोठा, आणि भाव मोठा म्हणून बनावटीही भरपूर.

नेरूळच्या एका मुलाने असाच एक रुपया रात्री उशिरा जिंकला. नुकती नोकरी लागलेली, पहिल्या पगारांतून साठवलेले पैसे. लॉटच्या, म्हणजे लिलावात मांडलेल्या त्या नाण्याच्या, वर्णनात एक ओळ आणि दोन फोटो होते. पार्सल आल्यावर त्याने जांभळी नाक्याला एका सराफाच्या काट्यावर नाणं ठेवलं. वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे बिनचूक. चांदी चोख, कडा दातेरी, हवी तशीच. तो निर्धास्त झाला आणि अल्बम येईपर्यंत नाणं कपाटात ठेवून दिलं.

माझ्याकडे आला तेव्हा मी दहापट भिंगाखाली फक्त साल पाहिलं. शेवटच्या 9 च्या खाली डावीकडे धातू खरवडलेला होता. तेवढ्याच जागेतली पाटी, म्हणजे अक्षरं-आकड्यांभोवतीची सपाट जागा, बाकीच्या पाटीपेक्षा वेगळी चमकत होती. कोणीतरी 1938 मधल्या 8 चा खालचा डावा भाग काढून त्याचा 9 केला होता. नाणं टाकसाळीतलंच, म्हणून वजन, चांदी, कडा सगळं जुळणारच. खोटा होता तो एक आकडा, आणि पैसे त्या एका आकड्याचेच मोजले होते. त्याने लिलावगृहाला लिहिलं. अस्सलपणाबद्दलची तक्रार ठरावीक दिवसांत करायची असते, ती मुदत उलटून गेली आहे, असं उत्तर आलं. नियमांत ते आधीपासून लिहिलेलं होतं. तो मुलगा त्यानंतर बोलीच्या वाटेला गेला नाही, याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्याची नजर चांगली होती.

माझी पद्धत अशी. दुर्मीळ साल असेल तर सालाचा जवळून काढलेला फोटो मागतो, दोन वेगवेगळ्या बाजूंनी उजेड पाडून. शिवाय कडेचा फोटो आणि वजन. उत्तर आलं नाही तर तो लॉट माझ्यासाठी संपला, कितीही सुंदर दिसो. स्लॅबमधलं, म्हणजे ग्रेडिंग कंपनीने तपासून, दर्जा ठरवून प्लास्टिकच्या डबीत बंद केलेलं नाणं असेल तर त्यावरचा प्रमाणपत्र क्रमांक त्या कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून तिथल्या फोटोशी ताडून पाहतो, कारण स्लॅबसुद्धा नकली निघतात. आणि नव्या माणसाला एकच आग्रह करतो: फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेच्या मोनेटरी म्युझियममध्ये एक दुपार घालव. अस्सल पाटी कशी दिसते ते एकदा डोळ्यांत बसलं की मोबाइलवरचा फोटोही वेगळा दिसायला लागतो. यूट्यूबवरच्या "पाच मिनिटांत ओळखा" छापाच्या व्हिडिओंनी हे होत नाही.

दुसरी चूक घड्याळाची. लिलाव संपायला दोन मिनिटं उरली की लोक लोकलच्या गर्दीत एका हाताने कडी धरून दुसऱ्या हाताने बोली वाढवत राहतात. शंभर, अजून शंभर, अजून शंभर. शेवटच्या क्षणी बोली मारून नाणं पळवू, असा त्यांचा बेत असतो. पण अनेक ठिकाणी शेवटच्या मिनिटांत बोली आली की वेळ आपोआप वाढतो, म्हणून तो बेत फसतो आणि रक्कम मात्र चढत जाते. कमाल बोली आधीच टाकून ठेवायची सोय असते ती याचसाठी. तुम्ही 8,000 टाकले आणि समोरचा 5,000 वर थांबला, तर यंत्रणा तुमची बोली 5,000 च्या वरच्या एका टप्प्यावर थांबवते, तुमचे 8,000 घेत नाही. आकडा घरी शांतपणे ठरवा, एकदाच टाका आणि फोन बाजूला ठेवा. हरलात तर हरलात. व्हिक्टोरियाचा 1862 चा रुपया पुढे पुन्हा येणारच आहे. ते साल कायम ठेवून पुढची कित्येक वर्षं रुपये पाडले गेले, म्हणून तो भरपूर मिळतो. तरी त्यासाठी दुप्पट पैसे मोजणारे भेटतात.

आकडा ठरवताना हातोडा पडल्यावरचा, म्हणजे शेवटची बोली पक्की झाल्यावरचा, हिशेब धरा. समजा नाणं 10,000 ला सुटलं आणि लिलावगृहाचं कमिशन 15 टक्के आहे. 1,500 कमिशन, त्यावर 18 टक्के जीएसटी म्हणजे 270. झाले 11,770. नाण्यावरचा कर आणि विमा उतरवलेलं पार्सल अजून बाकीच आहे. कमिशनचा दर प्रत्येक ठिकाणी वेगळा असतो, म्हणून नोंदणी करतानाच नियम वाचा.

शिवराईबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथे आपल्या लोकांच्या भावनेवर धंदा चालतो. "महाराजांच्या काळातली मूळ शिवराई" हे शीर्षक दिसेल त्या तांब्याच्या तुकड्याला लावलेलं असतं. एका बाजूला "श्री राजा शिव" आणि दुसऱ्या बाजूला "छत्रपति" ही छाप पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही चालू राहिली. मागच्या बाजूला दोन आडव्या रेघा असलेली दुदांडी शिवराई त्या नंतरच्या काळातली. ती स्वस्त मिळते आणि जरूर घ्यावी, मराठी घरात ती असायलाच हवी. पण तिला 1674 च्या राज्याभिषेकाच्या काळातली म्हणून दहापट पैसे देऊ नका. अक्षरांचं वळण पाहा, रेघा पाहा, मग शीर्षक वाचा.

चिंचेने, राखेने, पितांबरीने घासून लखलखीत केलेलं नाणं घेऊ नका, आणि घेतलेलं घासू नका. गेलेली मूळ कांती परत येत नाही आणि किंमत तिच्याबरोबर जाते.

ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, 1818 साल आणि राम-सीता किंवा हनुमान, असं काही दिसलं तर पुढे जा. कंपनीने तसं चलन कधीच पाडलं नाही.

"तुमच्याकडची वैष्णोदेवीची नाणी लाखांना घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा" असं कोणी म्हणालं तर फोन ठेवा. जुन्या नाण्यांच्या व्यवहारासाठी आपण कसलंही शुल्क घेत नाही, असं रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीरच केलं आहे.

शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशातल्या गिऱ्हाइकाला विकून पाठवायचा विचारही करू नका. 1972 च्या पुरावस्तू कायद्याने ते बंद आहे.

आणि पार्सल आलं की त्याच दिवशी उघडा. कापताना सलग व्हिडिओ काढा, वजन करा, साल आणि कडा भिंगाखाली पाहा, लॉटच्या फोटोतल्या खुणा समोरच्या नाण्यावर आहेत का ते ताडा. शंका असेल तर त्याच संध्याकाळी लेखी तक्रार पाठवा, फोनवर बोलून थांबू नका.