अंड्यांच्या कोंबड्यांना सोयापेंडीऐवजी काय द्यावे

परसात दहा-वीस गावठी किंवा ग्रामप्रिया कोंबड्या असल्या की खाद्यात खिशाला सर्वात जड जाते ती सोयापेंड. ती एकदम बंद करू नका, अंडी लगेच घटतात. मात्र तिचा काही भाग सहज कमी करता येतो. गोव्यात प्रथिनांना तोटा नाही, तोटा आहे तो कोरड्या हवेचा. त्यामुळे काय वापरायचे हे भावाआधी ऋतू बघून ठरवा.

आधी हिशेब. अंडी देणारी कोंबडी दिवसाला साधारण १०० ते ११० ग्रॅम खाद्य खाते आणि त्यात १६ ते १८ टक्के प्रथिने लागतात. सोयापेंडीत ती ४५ टक्क्यांच्या आसपास असतात, चांगल्या सुक्या मासळीत ५०, खोबऱ्याच्या पेंडीत २० ते २२ आणि मक्यात जेमतेम ९. पण नुसते टक्के बघून भागत नाही. खोबऱ्याच्या पेंडीत लायसिन आणि मेथिओनिन (प्रथिनांतले आवश्यक घटक) कमी, मासळीत दोन्ही भरपूर. म्हणून ही दोन्ही जोडीने घालायची.

मासळी घेताना

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा पुरुमेंताच्या (पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या) खरेदीतच कोंबड्यांची मासळीही घेऊन ठेवा. आपल्या ताटातली खारवलेली नको. जास्त मिठाने कोंबड्या सारखे पाणी पितात आणि विष्ठा पातळ होते. बिनमिठाची, उन्हात वाळवलेली तारली मागा. एक मोडून बघा: कडकन तुटली तर ठीक, वाकली तर आत ओल आहे. मूठभर चुरा ग्लासभर पाण्यात ढवळा. तळाशी वाळूचा थर बसला, तर तुम्ही वाळूचेही पैसे मोजताय.

१० किलो खाद्य

भरडलेला मका ५ किलो, तांदळाचा कोंडा १ किलो, सोयापेंड १ किलो ६०० ग्रॅम, खोबऱ्याची पेंड ८०० ग्रॅम, मासळीचा चुरा ५०० ग्रॅम, शिंपल्यांचा चुरा ९०० ग्रॅम आणि खनिज-व्हिटॅमिन मिश्रण मिठासह २०० ग्रॅम (त्यात मीठ ३० ग्रॅम). प्रथिने सुमारे १७ टक्के भरतात. शिंपल्या तिसऱ्यांच्या (आपण खातो त्या शिंपल्यांच्या) चालतील. धुऊन, वाळवून जाडसर कुटा. कॅल्शियमची गरज साडेतीन ते चार टक्के असते, त्यामुळे इथे काटकसर केली तर कवच पातळ होते.

पेंड घाण्यावरून ताजी आणा. खवट वास आला की ती परत करा. पावसाळ्यात खाद्य आठवड्यापुरतेच मिसळा. शेंगदाण्याची पेंड प्रथिनांना उत्तम, पण आपल्या दमट हवेत तिला बुरशी लागते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. ते उकळूनही जात नाही. जून ते सप्टेंबर तिच्या वाटेला जाऊच नका. अळसांदे (चवळीसारखे कडधान्य) घालायचे तर शिजवूनच.

अळ्या

मला सर्वात हुशारीचा वाटतो तो ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्यांचा मार्ग. ही माशी चावत नाही आणि आपल्या हवेत आपोआप येते. बुडाला भोके पाडलेल्या झाकणाच्या बादलीत भाजीपाल्याचा ओला कचरा ठेवा, कडेला पुठ्ठ्याच्या नळीदार पट्ट्या लावा. माशी त्या पट्ट्यांच्या नळ्यांत अंडी घालते. अळ्या फिक्या असतानाच काढा, काळ्या पडल्या की खाद्य म्हणून उतरतात. गरम पाण्यातून काढून उन्हात वाळवलेल्या अळ्यांत सुमारे ४० टक्के प्रथिने असतात. ताज्या दिल्या तर कोंबडीमागे १०-१५ ग्रॅम पुरे. काजूच्या बोंडांचा चोथा फुकट मिळतो म्हणून थेट कोंबड्यांपुढे टाकणारे आहेत. त्यात प्रथिने नावापुरतीच. तो अळ्यांना घाला आणि अळ्या कोंबड्यांना.

ॲझोला (शेण घातलेल्या पाण्यावर वाढवतात ती तरंगती वनस्पती) हाही चांगला, पण ताज्या ॲझोलात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. शेणाचा वास जाईपर्यंत धुऊन हिरवा चारा म्हणून द्या. बलकाचा रंगही सुधारतो.

बदल करताना

जुन्या खाद्यात नवे थोडे थोडे वाढवत ८-१० दिवसांत पूर्ण बदल करा आणि पुढचे दोन आठवडे अंड्यांची रोज नोंद ठेवा. कोंबड्या एकमेकींची पिसे उपटू लागल्या तर मेथिओनिन कमी पडत असण्याची शक्यता आहे; खोबऱ्याची पेंड निम्मी करून तेवढी सोयापेंड वाढवा. अंड्याला मासळीचा वास येऊ लागला तर मासळी निम्म्यावर आणा आणि तिची जागा सोयापेंडीने भरा.