युनिकोडमध्ये मराठीसाठी काम करताय? या चुका टाळा

युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला आणि चिन्हाला ठरलेला कोड देणारं जागतिक मानक. त्याच्या कामात मराठी माणसं अजून कितीतरी हवी आहेत. पण येणारी बहुतेक नवी मंडळी त्याच त्या तक्रारी घेऊन येतात. प्रस्ताव तपासणाऱ्यांचा वेळ त्यातच जातो आणि मराठीचं खरं काम मागे पडतं. म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

दोष कुठे आहे ते न पाहता मानक बदलायला निघणं

पडद्यावर अक्षर चुकीचं दिसलं तर दोष कीबोर्डचा असू शकतो, फॉन्टचा असू शकतो, नाहीतर त्या ॲपचा. युनिकोडचा क्रमांक सगळ्यात शेवटी लागतो.

एका प्रकाशन संस्थेतल्या तरुणांनी मला प्रस्तावाचा मसुदा पाठवला होता. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कऱ्हाड’ यांतला अर्धा र युनिकोडमध्ये नाही, त्याला स्वतंत्र कोड द्या, अशी मागणी. पुरावा काय, तर त्यांच्याच संकेतस्थळाची चित्रं. सगळीकडे ‘दुसर्या’, र चा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसलेला. सोबत सह्यांची भली मोठी यादी.

मी त्यांच्याकडून मूळ फाइल मागवली आणि एकच शब्द कोडांमध्ये उघडून पाहिला. त्यात र, मग पाय मोडणारं चिन्ह ०९४डी, मग २००डी हा अदृश्य जोडकोड आणि शेवटी ‘या’. सगळं बिनचूक. मजकूर संकेतस्थळावर चढवताना मात्र त्यांची प्रणाली अदृश्य कोड कचरा समजून काढून टाकत होती. मग उरतं पाय मोडलेलं र आणि य, आणि त्याचा रफारच होणार. मानकात उणीव नव्हतीच. ०९३१ वरचा ऱ घेऊन त्याचा पाय मोडला की हाच अर्धा र मिळतो आणि त्याला अदृश्य कोड लागतही नाही.

नवा मजकूर ऱ वापरून लिहायचा आणि जुन्या फाइलींत र, ०९४डी, २००डी या तिकडीच्या जागी ऱ आणि ०९४डी घालायचं, एवढाच उपाय होता. पण संकेतस्थळावर जे आधीच बिघडलं होतं ते आपोआप सुधारता येईना. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ हे दोन्ही शब्द तिथे एकसारखेच झाले होते. सरसकट ‘शोधा आणि बदला’ केलं असतं तर सूर्य आणि कार्य यांचीही वाट लागली असती. शेवटी मूळ फाइली पुन्हा चढवाव्या लागल्या.

तेव्हापासून माझा नियम ठरलेला आहे: कुणी तक्रार आणली की आधी शब्द कोडांमध्ये उघडून दाखवा, मग दोन वेगळ्या फॉन्टांत आणि दोन वेगळ्या ब्राउझरांत दाखवा. एवढं करायचा धीर ज्याला नाही, त्याचा मसुदा मी वाचत नाही.

ळ ची जागा बदला म्हणणं

आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर, युनिकोडमध्ये तो ल ला लागूनच ०९३३ वर आहे. म्हणून कोडांच्या क्रमाने यादी लावली की मराठी शब्दकोशाचा क्रम बिघडतो. पण कोडाचा क्रमांक म्हणजे वर्णक्रम नव्हे. मराठीचा क्रम सीएलडीआर या भाषावार माहितीच्या प्रकल्पात नोंदवलेला आहे: ह, ळ, क्ष, ज्ञ. तुमचं सॉफ्टवेअर तो वापरत नसेल तर तक्रार त्या सॉफ्टवेअरकडे करा.

ळ आता हलणारही नाही. १९९६च्या २.० आवृत्तीपासून एकदा दिलेला कोड काढायचा नाही आणि हलवायचाही नाही, असं धोरण आहे. नावांचंही तेच. एफई१८ या कंसचिन्हाच्या अधिकृत नावात ‘ब्रॅकेट’चं इंग्रजी स्पेलिंग चुकलेलं आहे. तेही तसंच ठेवलं आणि बरोबर नाव जोडनाव म्हणून दिलं. जगभरचा साठवलेला मजकूर या हमीवर उभा आहे, त्यामुळे ही ताठरता मला मनापासून पटते.

मराठी वळणाचे ल आणि श

यांना वेगळे कोड मागू नका. अक्षर तेच, वळण वेगळं. मजकुराची भाषा मराठी आहे असं नोंदवा आणि मराठी वळण देणारा फॉन्ट वापरा.

घाईचे जुगाड

१५ जुलै २०१० रोजी रुपयाचं चिन्ह स्वीकारलं गेलं आणि ऑक्टोबरमध्ये युनिकोड ६.० मध्ये त्याला २०बी९ हा कोड मिळालाही. मधल्या काळात लोकांना धीर धरवला नाही. कीबोर्डवरच्या ` या छोट्या तिरक्या रेघेच्या जागी रुपया काढलेले फॉन्ट वाटले गेले. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर रकमेच्या आधी रुपया न दिसता नुसती ती तिरकी रेघ दिसायची. तीन महिने ‘रु.’ लिहून काय बिघडलं असतं?

थोडक्यात आणखी काही

ॲ साठी ०९७२ हा कोड २००८ पासून आहे. अ वर चंद्र चढवू नका, दिसायला सारखं दिसलं तरी शोधात सापडत नाही.

सीएलडीआरमध्ये मराठी शब्दांच्या रूपांवर मत देताना यंत्राने केलेलं भाषांतर चिकटवू नका. ‘सप्टें’, ‘डिसें’ ही रूपं तिथून थेट लोकांच्या फोनवर जातात. मित्रांना गोळा करून एकगठ्ठा मतं तर मुळीच टाकू नका.

सह्यांची मोहीम काढू नका, तिला पुरावा मानत नाहीत. पुरावा म्हणजे छापील किंवा हस्तलिखित पानांवरचा प्रत्यक्ष वापर. तो कसा मांडायचा हे शिकायचं असेल तर अंशुमन पांडे यांचा मोडी लिपीचा प्रस्ताव वाचा. मोडी म्हणजे देवनागरीचं नुसतं वळण नव्हे, ती स्वतंत्र लिपी आहे, हे त्यात जुन्या कागदपत्रांच्या आधारे दाखवलं आहे. २०१४च्या ७.० आवृत्तीत मोडी आली. नवा मसुदा हाती घेण्याआधी तो प्रस्ताव पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचाच, नमुन्यांच्या चित्रांसकट.