अपघाताची ॲनिमेशन क्लिप कोर्टात न्यायची असेल तर

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका यंत्रमाग शेडमधला अपघात होता. पुण्याहून ॲनिमेशन करून घेतलं, पैसे अशिलाच्या मुलानं उसने आणलेले, आणि उलटतपासाच्या दुसऱ्या प्रश्नाला ते आडवं झालं. आता तसंच दुसरं प्रकरण हातात आहे. म्हणून स्वतःसाठी लिहून काढतोय, ज्युनिअर मंडळींनीही वाचा.

आधी क्लिप लागणार आहे का ते बघा. कामगार ईएसआयमध्ये (कामगार राज्य विमा योजनेत) असेल तर नुकसानभरपाईचा दावा चालतच नाही; आमच्या वेळी त्या कायद्याचं कलम ५३ आडवं यायचं. आमचा दावा १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याखालचा (२१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आलीय). त्यात मालकाची चूक दाखवावी लागत नाही, कामावर असताना कामामुळे इजा झाली एवढं पुरतं. रक्कम वय, पगार आणि अपंगत्वाच्या टक्क्यांवर ठरते. एका हाताची दोन बोटं गेली तर अनुसूचीत २० टक्के लिहिलेत, क्लिप कितीही देखणी केली तरी त्याचे २५ होत नाहीत. मालकानं कैफियतीत त्या कायद्याच्या कलम ३ मधला बचाव घेतला, म्हणजे कामगार दारू प्यायला होता किंवा पट्ट्यावरची संरक्षक जाळी मुद्दाम यानंच काढली असं म्हटलं, तरच क्लिपवर पैसे घालवा. आमच्यात जाळीचाच वाद होता. मालक म्हणे जाळी होती, कामगारानं काढली. आमचं म्हणणं, मोटरच्या बाजूचा बोळ इतका अरुंद की तिथं जाळी बसणंच शक्य नव्हतं. हे तोंडानं सांगून कुणाच्या डोळ्यापुढं येत नाही, चित्रात येतं.

मग मापं. टेप घेऊन स्वतः जा, टेप फोटोत दिसली पाहिजे. मालक आत सोडत नसेल तर स्थळपाहणीचा अर्ज द्या, आणि लवकर द्या, जुना माग भंगारात जायला वेळ लागत नाही. पंचनामा, दवाखान्याचे कागद, हजेरी हे तुम्ही घेणारच.

माग डाव्या हाताचा की उजव्या हाताचा, हे पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. एका विणकराला दोन-चार माग सांभाळता यावेत म्हणून शेडमध्ये दोन्ही प्रकारचे लावलेले असतात. माग चालू-बंद करायचं हँडल ज्या बाजूला, साधारण त्याच बाजूला मोटर आणि पट्टा. ॲनिमेशनवाल्या पोरानं आयुष्यात माग पाहिलेला नव्हता. त्यानं कुठून तरी तयार मॉडेल उतरवलं, ते नेमकं उलट्या हाताचं. मोटर गेली रुंद वाटेच्या बाजूला, जिथं जाळी आरामात बसते. म्हणजे आमच्याच क्लिपनं मालकाचं म्हणणं खरं करून दाखवलं, आणि मला ते दिसलं नाही.

मामांना, म्हणजे आमच्या जखमी अशिलाला, एका सेकंदात दिसलं असतं. बत्तीस वर्षं त्याच मागावर. पण मी क्लिप मुलाच्या व्हॉट्सॲपवर पाठवली, ‘वडिलांना दाखव’ म्हटलं, उत्तरात वर केलेला अंगठा आला आणि मी निर्धास्त झालो. मामांनी ती पहिल्यांदा पाहिली कोर्टात, उलटतपासात. ‘हा तुमचाच माग का?’ माणूस सरळ. म्हणाले, ‘नाही साहेब, हँडल ह्या बाजूला नव्हतं.’

तेव्हा क्लिप कामगाराला दाखवा. तुमच्यासमोर, मोठ्या पडद्यावर, दर शॉटला थांबवून. घरी तेलुगू बोलणारा माणूस मराठीत ‘हो हो’ म्हणून मोकळा होतो, म्हणून तेलुगू येणारा कुणीतरी शेजारी बसवा. शेडचा जॉबर (मागांवरचा मुकादम) नको, तो मालकाचा. दुरुस्ती झाली की परत दाखवा. ॲनिमेशनवाला म्हणेल, ‘फक्त रंग बदललाय सर.’ तरी दाखवा.

ही क्लिप म्हणजे साक्षीदाराच्या सांगण्याचं चित्र, स्वतंत्र पुरावा नव्हे. पेनसिल्व्हेनियातल्या सर्ज नावाच्या खून खटल्यात ज्युरीला हेच बजावलं होतं, की मुळातली साक्ष जितकी भक्कम तितकंच ॲनिमेशन भक्कम. तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २००६ मध्ये ते ॲनिमेशन ग्राह्य धरलं. आकडे घालून सॉफ्टवेअरनं हालचाल मोजून काढली असेल तर गोष्ट वेगळी, मग तज्ज्ञ पिंजऱ्यात उभा करा. साध्या ॲनिमेशनला मामांच्या सरतपासाच्या शपथपत्रात एक परिच्छेद हवा: ही क्लिप मी पाहिली, अपघात असाच घडला. तो परिच्छेद माझ्याकडे नव्हता, कारण दाखवलीच नव्हती.

दर पाच सेकंदांचा तक्ता करा, कुठली हालचाल कुठल्या कागदावरून घेतली त्याचा. कागद नसेल तर शॉट काढा. रक्त नको, किंकाळी नको, चेहऱ्यावर भाव नकोत, माणूस राखाडी बाहुलीसारखा चालेल. मूळ वेगात एकदा आणि संथ एकदा, संथ भागावर तसं लिहा. नाहीतर समोरचे वकील विचारतात, ‘एवढा वेळ होता तर हात का नाही काढला?’

इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागतं, पूर्वीच्या पुरावा कायद्याचं ६५-ब. आता भाग अ आणि भाग ब, ब वर तज्ज्ञाची सही, दोन्हीत हॅश (फाईलचा डिजिटल ठसा, फाईल जरा बदलली की तोही बदलतो). जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक प्रकरणात २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय, मूळ उपकरणच हजर केलं नाही तर प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. हॅश काढल्यावर फाईलला हात लावायचा नाही. दुरुस्ती केलीत तर सगळं नव्यानं, आणि मामांनाही नव्यानं दाखवायचं.

महत्त्वाच्या फ्रेमचे रंगीत प्रिंट काढून त्यांवर निशाणी (पुराव्याचा क्रमांक) पाडून घ्या. अपील झालंच तर १८ ऑगस्ट २०२५ पासून ते मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूरच्या सर्किट बेंचपुढं जातं, तिथं कागद वाचला जातो.

समोरच्यांना प्रत आधी द्या, पोच घ्या. पेन ड्राइव्ह तीन. लॅपटॉप, चार्जर, केबल, लांब वायरीचा बोर्ड. पडदा मिळेल असं धरू नका. ॲनिमेशनवाल्याला तारीख कळवा, पुण्याहून यायचंय त्याला.

आदल्या संध्याकाळी मामांना ऑफिसात बोलवा आणि हॅश काढलेली तीच फाईल लावा. हँडल कुठल्या बाजूला आहे, ते त्यांना बोट ठेवून दाखवायला सांगा.