गणिताचं सॉफ्टवेअर: विकत घ्यायचं की फुकटचं वापरायचं?

मुंबईतल्या इंजिनीअरिंगच्या मुलांना दरवर्षी दोनच सल्ले मिळतात. 'मॅटलॅबशिवाय (गणिती आकडेमोडीचं विकतचं सॉफ्टवेअर) काही खरं नाही' हा एक, आणि 'ऑक्टेव्ह म्हणजे फुकटचं मॅटलॅबच, डोळे झाकून घे' हा दुसरा. दोन्ही अर्धवट आहेत, कारण सल्ला देणाऱ्याने तुमच्या प्रॅक्टिकलची यादी पाहिलेलीच नसते.

तेव्हा आधी ती यादी मिळवा. लॅबमध्ये दोन गोष्टी विचारून घ्या: व्हायवा (तोंडी परीक्षा) कशावर होते, आणि कॉलेजकडे मॅटलॅबचं कॅम्पस लायसन्स आहे का. असेल तर कॉलेजच्या ईमेलवरून लॉगिन करा, खिशाला हात घालायची गरज नाही. सिनियरच्या पेनड्राइव्हवरची क्रॅक कॉपी मात्र अजिबात नको.

आलेख आणि भूमितीसाठी जिओजेब्रा, इंटिग्रेशन किंवा अवयव पाडण्यासाठी मॅक्सिमा, संख्याशास्त्रासाठी आर (R). यात पैसे मोजण्यासारखं काही नाही.

खरा घोळ होतो तो सिग्नल आणि कंट्रोलच्या प्रॅक्टिकलमध्ये. मीही इथेच बराच काळ अडकले होते. ऑक्टेव्हची मूळ भाषा मॅटलॅबशी जुळते, पण मॅटलॅबच्या टूलबॉक्सचं, म्हणजे खास विषयांसाठीच्या जोड-फंक्शनांच्या संचांचं, काम तिथे वेगळी पॅकेजेस करतात. ती नुसती इन्स्टॉल करून भागत नाही, दर वेळी लोडही करावी लागतात. फिल्टर बनवायला 'बटर' (butter) हे फंक्शन लिहिलं की एरर येते आणि मुलं 'ऑक्टेव्हमध्ये हे नाहीच' म्हणून मोकळी होतात. अहो, ती एरर शेवटपर्यंत वाचा! अलीकडच्या आवृत्त्यांत फंक्शन कोणत्या पॅकेजमध्ये आहे हे तिथेच लिहिलेलं असतं. वर 'पीकेजी लोड सिग्नल' (pkg load signal) ही एक ओळ टाकली की काम होतं. चिन्हांचं गणित करणाऱ्या 'सिम्बॉलिक' पॅकेजला मात्र पायथन आणि त्याची सिमपाय ही लायब्ररीही लागते. ते सबमिशनच्या आदल्या रात्री बसवायला घेऊ नका.

उलट्या दिशेचा धोका मोठा, आणि तो कुणी सांगत नाही. ऑक्टेव्ह बरंच काही चालवून घेतं: हॅशने (#) सुरू होणारी कॉमेंट, 'एंडइफ' (endif), 'प्लस-इक्वल' (+=). घरी सगळं सुरळीत चालतं आणि तीच फाइल लॅबमधल्या मॅटलॅबवर परीक्षकासमोर अडते. म्हणून पहिल्या दिवसापासून कॉमेंटला टक्क्याचं चिन्ह, शेवटी साधं 'एंड', आणि प्रत्येक फंक्शन त्याच्याच नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये. 'पीकेजी लोड'ची ओळही जमा करण्याआधी काढायची, मॅटलॅबला ती कळत नाही.

आता यादीतलं सगळ्यात अवघड प्रॅक्टिकल निवडा आणि तेवढंच ऑक्टेव्हवर पूर्ण करून पाहा. सोप्या प्रॅक्टिकलवर परीक्षा घेण्यात अर्थ नाही, मॅट्रिक्सचा गुणाकार कुठेही होतो. अवघड निभावलं, तर विकत घ्यायचा विषय संपला.

सायलॅबही फुकट आहे. पवईच्या आयआयटीतल्या फॉसी प्रकल्पाने पाठ्यपुस्तकांतली कितीतरी उदाहरणं सायलॅबमध्ये सोडवून ठेवली आहेत, ती जरूर वापरा. पण भाषा वेगळी आहे: कॉमेंटला दोन तिरप्या रेघा, आणि टक्क्याचं चिन्ह पाय (π) सारख्या स्थिरांकांच्या आधी. व्हायवा मॅटलॅबवर असेल तर सायलॅबच्या वाटेला जाऊ नका.

पैसे कधी मोजायचे? प्रोजेक्ट सिम्युलिंकवर, म्हणजे मॅटलॅबसोबतच्या आकृत्या जोडून मॉडेल बनवायच्या सॉफ्टवेअरवर, असेल तेव्हा. ती मॉडेल्स ऑक्टेव्हमध्ये उघडत नाहीत. तरीही आधी मॅटलॅब ऑनलाइनची फुकट सोय पाहा, महिन्याला 20 तास मिळतात, आणि छोट्या प्रोजेक्टला ते पुरतात. नाहीच पुरले तर विद्यार्थी लायसन्स घ्या, पण पहिल्या वर्षी नको, प्रोजेक्ट हातात आल्यावर. पैसे भरण्याआधी तुम्हाला लागणारी टूलबॉक्स त्यात आहे का आणि मुदत कधीपर्यंत आहे, हे तपासा. या लायसन्सवर बाहेरचं पैशाचं काम करता येत नाही.