क्लिकरवर उत्तर नको, कारण विचारा

वर्गात क्लिकर (मुलांनी बटण दाबून उत्तर द्यायचं छोटं यंत्र) आले की बहुतेक वेळा त्यावर पाठांतराचेच प्रश्न विचारले जातात. मुलं बटण दाबतात, पडद्यावर आलेख उमटतो आणि आपण पुढच्या धड्याकडे वळतो. यात यंत्र वाया जातं.

त्याऐवजी मुलांच्या घरातलंच काहीतरी विचारा. नागपुरात कूलर कोणाकडे नाही? मग बाष्पीभवन शिकवताना प्रश्न असा ठेवा: मे महिन्यात गारेगार करणारा कूलर जुलैत नुसता चिकचिकाट का करतो? पर्याय: पाणी कोमट असतं, हवेत आधीच बाष्प जास्त असतं, पंखा हळू फिरतो, बाहेरचं तापमान कमी असतं. चौथा पर्याय मुद्दाम फसवा आहे आणि हुशार मुलंही त्यात अडकतात. चुकीचे पर्याय मुलांच्या खऱ्या गैरसमजांतूनच घ्यायचे. सगळी मेहनत तिथेच आहे.

पहिलं मत प्रत्येकाने गुपचूप द्यायचं. आलेख लगेच दाखवू नका, नाहीतर सगळे उंच खांबाकडे पळतात. बरोबर उत्तरं साधारण ३० ते ७० टक्के असतील, तर शेजाऱ्याला दोन मिनिटं कारण पटवून द्यायला सांगा आणि पुन्हा मत घ्या. हार्वर्डमध्ये एरिक माझूर यांनी १९९१ पासून भौतिकशास्त्राच्या वर्गात हीच रीत रुजवली. बरोबर उत्तरं ३० टक्क्यांहून कमी असतील तर आधी पुन्हा शिकवा.

आणि हो, या मतांना गुण देऊ नका. गुण आले की मुलं जोखीम घेत नाहीत.

क्लिकर नसतील तर प्लिकर्स या अ‍ॅपची छापील कार्डं चालतात; मुलं कार्ड उंच धरतात आणि मोबाईलचा कॅमेरा उत्तरं टिपतो. शिक्षकाचा एक मोबाईल पुरतो.